स्ट्राइकआउटच्या यादीत दुसरा

आमच्या घरात घाबरण्याचं खातं माझ्याकडे आहे. गाडी, बिलं आणि लॉन नवऱ्याकडे. स्वयंपाक आणि घाबरणं माझ्याकडे. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. काय काय बिघडू शकतं याचा विचार करण्याचा मला ऑफिसात पगार मिळतो आणि तेच काम मी घरी फुकट करते. गॅस बंद केला ना, मुलगी सिडनीला तिच्या हॉस्टेलवर पोचली ना, गराजमधल्या बुटात कोळी शिरला नसेल ना. यातलं क्वचित एखादं खरं ठरतं. त्यामुळे माझी गत लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या त्या पोरासारखी झाली आहे. मी काहीही म्हटलं की नवरा 'हं' म्हणतो आणि फोनमध्ये बघत राहतो.

आणि मग एका उन्हाळ्यात लांडगा खरंच आला, तोही आमच्या डायनिंग टेबलापाशी.

मुलगी युनिव्हर्सिटीत गेली आणि तिची खोली रिकामी झाली. नवरा जन्माचा क्रिकेटवाला, पुण्यात सोसायटीच्या मॅचेसचा स्कोअर लिहिणारा. देश सोडून इकडे वेरिबीत राहायला आल्यावर ऑफिसातल्या कुणीतरी त्याला बेसबॉल बघायला नेलं आणि तिथे क्रिकेटपेक्षाही जास्त आकडे असतात हे कळल्यावर गडी हरखून गेला. बघता बघता तो आमच्या भागातल्या एका टीमचा हौशी स्कोअरर झाला. पैसे घेऊन खेळणाऱ्यांची ही लीग, पण टीम काही फार श्रीमंत नव्हती. बाहेरून आलेल्या खेळाडूंना हॉटेलात न ठेवता कुणाकुणाच्या घरी ठेवायची तिथे पद्धत होती. कोण ठेवून घेईल असं विचारल्यावर माझ्या नवऱ्याने मला न विचारता हात वर केला.

अशा रीतीने अमेरिकेतल्या कुठल्याशा लहान गावातला एक पिचर आमच्याकडे राहायला आला. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा. मुलीहून तीन-चार वर्षांनी मोठा, आणि उंच इतका की आमच्या दारातून आत येताना आपसूक मान खाली घालायचा. तिकडच्या क्लबने त्याला आदल्या वर्षी काढून टाकलं होतं. सुरुवातीला मला त्याचीच भीती वाटली. परका तरुण मुलगा, कुणाचा कोण, घरात सासूबाई एकट्या. पण तो स्वतःचा कप स्वतः विसळायचा आणि मला 'येस मॅम' म्हणायचा. आमच्या घरात मला तोवर कुणी 'येस' सुद्धा म्हटलं नव्हतं.

सासूबाई त्या वर्षी व्हिजिटर व्हिसावर आमच्याकडे होत्या. त्यांचं इंग्रजी 'थँक्यू' आणि 'नो' यांच्या पलीकडे जात नाही, पण तेवढ्यावर त्यांनी त्या मुलाला आठवड्याभरात ताब्यात घेतलं. वरण-भात चमच्याने खाल्ला तर अंगी लागत नाही, हा त्यांचा सिद्धान्त. त्यांनी त्याला हाताने कालवायला शिकवलं, घास करायला शिकवलं, आणि डावा हात पानाला लावायचा नाही हे शिकवलं. डावा हात पुढे आला की त्या मनगटावर हलकी टिचकी मारायच्या आणि म्हणायच्या, "उजवा." त्याने शिकलेला तो पहिला मराठी शब्द. दुसरा 'आज्जी'.

नवऱ्याने मला त्या यादीबद्दल सांगितलं तेही जेवतानाच. समोरच्या बॅटरला तीनदा चकवून, चेंडू मैदानात मारू न देता परत पाठवायचं, म्हणजे स्ट्राइकआउट. सीझनमध्ये सगळ्यात जास्त स्ट्राइकआउट कुणाचे, त्यांची यादी लीगच्या वेबसाइटवर लागते आणि दर मॅचनंतर बदलते. पर्थचा एक डावखुरा पहिला होता. आमचा पाहुणा, उजव्या हाताने टाकणारा, दुसरा.

ज्यांनी दहावीच्या बोर्डाची मेरिट लिस्ट लहानपणी पेपरात वाचली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. आमच्या घरात दुसरा नंबर म्हणजे पहिला का नाही, याची चौकशी. नवरा सकाळी चहाआधी यादी उघडायचा. सासूबाई विचारायच्या, "आज कितवा?" आणि उत्तर पुण्याला आपल्या बहिणीला फोनवर कळवायच्या. बेसबॉल म्हणजे काय हे दोघींनाही माहीत नव्हतं. यादी मात्र पक्की कळत होती.

त्या मुलासाठी ती यादी म्हणजे सगळंच होतं. तिकडच्या दुसऱ्या एका क्लबचा माणूस त्याला म्हणाला होता, तिथल्या यादीत पहिला ये, मग वसंतातल्या निवडीच्या कॅम्पला तुला बोलावू. नाही आला तर खेळ संपला, मामाच्या गोदामात कामाला जायचं. हे त्याने हसत हसत सांगितलं. हसताना तो बोटांनी टेबल खरवडत होता.

मी मॅचला जायचे ती जाळीच्या मागे बसायला. माझी भीती तेव्हा वेगळीच होती. चेंडू टाकून झाला की पिचर समोरच उभा असतो, आणि बॅटला लागलेला चेंडू कधीकधी सरळ त्याच्याच तोंडावर परत येतो. डोक्यावर साधी टोपी. मी दर चेंडूला डोळे मिटायचे आणि आवाज झाला की एकच डोळा उघडायचे. शेजारची बाई मला एकदा म्हणाली, मेट, तू मॅच बघतेस की भूतपट? सगळा उन्हाळा मी त्या एका दारावर पहारा दिला. चोर दुसऱ्या दाराने आला.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही जेवायला बसलो होतो. बाहेर इतकं ऊन की सगळे पडदे ओढलेले. त्या मुलाने पहिला घास डाव्या हाताने घेतला. सासूबाईंनी टिचकी मारली. "उजवा."

नवरा म्हणाला, शिकवणी विसरला वाटतं. तो मुलगा ओशाळं हसला, डावा हात मांडीवर ठेवला आणि उजव्या हाताने कालवायला लागला. मी लोणचं वाढत होते म्हणून उभी होते, आणि उभी होते म्हणून मला दिसलं. तो घास तोंडाकडे नेत नव्हता. तोंड ताटाकडे नेत होता. कोपर टेबलाला टेकलेलं, ते उचलतच नव्हता. दर घासाला जबडा आवळायचा. सासूबाईंनी कौतुकाने आणखी भात वाढला, तूप सोडलं, आणि त्याने तोही संपवला, उजव्या हाताने, शेवटच्या शितापर्यंत. 

एकदा दिसलं की मग सगळंच दिसायला लागतं. गाडीचं दार तो डाव्या हाताने उघडत होता. फोन डाव्या हातात. पाण्याचा ग्लास डाव्या हातात धरला की आम्हाला वाटायचं, बघा, उजवा खरकटा आहे म्हणून डाव्याने घेतो, अगदी आपल्यासारखा. आमच्या घरातल्या चालीरीतींनी त्याला लपायला छान जागा करून दिली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरून काम करत होते. तो मागच्या अंगणात टी-शर्ट वाळत घालत होता, चिमटे एकाच हाताने लावत. मी बाहेर गेले आणि सरळ विचारलं, कोपराला काय झालंय. तो आधी फाइन म्हणाला. मग परत फाइन म्हणाला. मी तिथून हलले नाही तेव्हा त्याने सांगितलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं होतं, ख्रिसमसच्या आधीपासून. कोपर पूर्ण वाकत नव्हतं. तो बर्फ लावायचा, गोळ्या घ्यायचा, आणि टाकताना पाच-सहा चेंडूंनंतर दुखायचं थांबायचं, म्हणजे काहीच कळेनासं व्हायचं. दुखायचं थांबतं, हे त्याने मला चांगली बातमी म्हणून सांगितलं. 

मी डॉक्टरचं नाव काढलं. तो एकदम माझ्या समोर आला, हातात ओला टी-शर्ट तसाच.

"प्लीज, डोन्ट टेल हिम," तो म्हणाला. "नोबडी कॉल्स नंबर टू."

दुसऱ्या नंबरला कुणी बोलावत नाही. आणि 'हिम' म्हणजे माझा नवरा. यादी सांभाळणारा.

दर रविवारी त्याची आई व्हिडिओवर फोन करायची. पुढच्या रविवारीही केला. मी मागून जात होते तर तिने मला हाक मारून थांबवलं आणि म्हणाली की माझा मुलगा तुमच्याकडे आहे म्हणून मी निश्चिंत आहे, तो नीट खातो ना? मी म्हटलं, हो, नीट खातो. तो कॅमेऱ्याच्या बाहेर उजवा हात मांडीत धरून बसला होता आणि माझ्याकडे बघत होता.  आपली मुलगी कुणाच्या घरी अशी दुखणं दाबून बसली असती आणि त्या बाईने मला असंच हसून उत्तर दिलं असतं तर, हा विचार आला आणि गेलाच नाही.

मी नवऱ्याला सांगितलं. आधी मी माझ्या फोनवर कोपराच्या ऑपरेशनचे फोटो बघितले होते, ते बघायला नको होते. उघडं केलेलं कोपर, आत पांढरी दोरी, तुटलेली. मी ते त्याला दाखवले. तो म्हणाला, सीझन संपत आला की सगळ्याच पिचरांचं दुखतं, त्यात नवीन काही नाही. मी म्हटलं, बोटं बधिर आहेत. तो म्हणाला, "तू सगळा सीझन म्हणत होतीस बॉल डोक्यात बसेल. बसला का?"

 नवऱ्याला ऐकायचंच नव्हतं हे मला दिसत होतं, पण त्याहून वाईट म्हणजे मलाही वाटायला लागलं की हा नेहमीचाच माझा खेळ असेल. भित्र्या माणसाला स्वतःची भीतीसुद्धा खरी वाटत नाही. तिची सवय झालेली असते. मी रोज ठरवायचे की आज त्याच्या कोचला फोन करू, आणि रोज वाटायचं की आज तो निदान दुसरा आहे, माझ्या फोनमुळे कुणीच उरणार नाही. त्या दिवसांत मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलता बोलता थांबायचे. माझं स्वतःचं कोपर दुखायला लागलं.

शेवटची मॅच शनिवारी दुपारी होती. पर्थच्या डावखुऱ्याचा सीझन आदल्या दिवशीच संपला होता, आता त्याचा आकडा वाढणार नव्हता. आमच्या मुलाच्या हातात तेवढी एक मॅच होती. निघायच्या वेळी सासूबाई दारात वाटी घेऊन उभ्या राहिल्या. परीक्षेला जाणाऱ्याच्या हातावर दही-साखर घालायची, ती त्याने चाटून खायची आणि मागे न बघता निघायचं. माझ्या मुलीने बारावीपर्यंत हे सहन केलं आहे. त्या मुलाला काहीच माहीत नव्हतं, म्हणून त्याने डावा हात पुढे केला.

"उजवा," सासूबाई म्हणाल्या, आणि त्याचा उजवा तळवा स्वतःच उघडून त्यावर चमचाभर दही घातलं.

तो हात वर न्यायला लागला. अर्ध्यात हात थांबला. त्याने मान खाली केली, पण उभं असताना ती तेवढी खाली जात नव्हती. तो पुन्हा हात वर करायला गेला, आणि हात लटपटायला लागला, एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा असावा तसा. दही बोटांमधून फरशीवर सांडलं. त्याने सॉरी म्हटलं. तो लाल झाला होता. नवरा किल्ली घेऊन शेजारीच उभा होता, त्याने हे सगळं पाहिलं. मला वाटलं आता हा बोलेल. तो खाली बसला, टिशूने फरशी पुसली आणि गाडीकडे गेला. मुलगा त्याच्या मागे गेला.

सासूबाई वाटी धरून तशाच होत्या. "अगं," त्या म्हणाल्या, "मी रोज त्याच हाताने जेवायला लावलं त्याला." मग त्या चपलांच्या स्टँडवर बसल्या. मॅच लावून देऊ का, असं विचारलं तर नको म्हणाल्या.

मैदानावर पोचल्यावर मी कोचकडे गेले. यजमान घरच्या बायका तिथे जात नाहीत, त्या खाऊ आणतात आणि टाळ्या वाजवतात. काळा चष्मा लावलेला मोठा माणूस, सूर्यफुलाच्या बिया चघळत होता. माझा आवाज इतका बारीक आला की मला दोनदा सांगावं लागलं. कोपर, बोटं, सगळं सांगितलं, फक्त दही सोडून. त्याने ऐकून घेतलं. त्याला आश्चर्य वाटलं नाही, आणि हेच सगळ्यात भयंकर होतं. तो म्हणाला की मुलगा स्वतः म्हणतो ठीक आहे, सज्ञान आहे, त्याचा निर्णय त्याने घेतलाय. मग माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाला, "नो वरीज." इतकी वर्षं या देशात हे दोन शब्द ऐकतेय. दुकानात, बसमध्ये, ऑफिसात. पहिल्यांदाच त्यांनी माझ्या अंगावर काटा आला.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. कोचला, मला, आता नवऱ्यालाही. आणि तो मुलगा मैदानाच्या मधल्या उंचवट्यावर एकटा उभा होता.

मी डोळे मिटले नाहीत. तो चेंडू टाकायचा, हात मागे जायचा, कोपर पुढे यायचं आणि मी दात आवळायचे. एक बॅटर गेला, दुसरा गेला. दर स्ट्राइकआउटला पोरं जाळीवर 'के', म्हणजे स्कोअरबुकातली स्ट्राइकआउटची खूण, लिहिलेला एक पुठ्ठा अडकवत होती, आणि लोक ओरडत होते. दर पुठ्ठ्याबरोबर मला वाटे आता पुरे, आता थांब, आणि त्याच क्षणी वाटे की अजून एक मिळू दे त्याला. दोन्ही एकदम वाटत होतं, कुठलंही खोटं नव्हतं. मी पाण्याची बाटली इतकी दाबली की ती फुटली. वर काचेच्या खोलीत नवरा स्कोअर भरत होता, मला फक्त त्याचं डोकं दिसत होतं.

मग माइकवरून सांगितलं की तो पर्थच्या डावखुऱ्याच्या बरोबरीला आला आहे. आणखी एक झाला की एकटा पहिला. पुढच्या बॅटरला त्याने दोनदा चकवलं. सगळे उठून उभे राहिले आणि एका ठेक्यात टाळ्या वाजवायला लागले. मीही उठले, कारण बसून काही दिसत नव्हतं. तो हात पँटला पुसत होता. परत पुसला. परत पुसला. मला कळलं की त्याला बोटांत चेंडू जाणवतच नाहीये.

त्याने टाकला.

चेंडू मधेच मातीत पडला आणि उडून कुठेतरी गेला. लोकांचा आवाज झाला, अंपायरने हाताने काहीतरी केलं, पण मी तिकडे बघितलं नाही. मुलगा एका गुडघ्यावर बसला होता. डाव्या हाताने त्याने उजवा हात छातीशी धरला होता, झोपलेलं मूल धरावं तसा. मी कधी निघाले आठवत नाही. कुंपणाच्या फाटकाशी एकाने मला अडवलं, मी त्याला ढकललं. आयुष्यात मी कुणाला ढकललेलं नाही. धावत मधे पोचले तर माझ्याआधी तिथे माझा नवरा होता, धापा टाकत. वरच्या खोलीपासून मैदानापर्यंत किती जिने आहेत मला ठाऊक आहे. चेंडू पडल्यावर निघालेला माणूस माझ्याआधी तिथे पोचूच शकला नसता.

टीमच्या डॉक्टरने हात झोळीत बांधला, बर्फ दिला आणि इमर्जन्सीला न्या म्हणाला. नवरा गाडी चालवत होता, मी आणि तो मुलगा मागे. माझं जॅकेट घडी करून मी मांडीवर ठेवलं होतं आणि त्यावर त्याचा हात. हात गरम होता, आणि बोटं थंड. ती मी धरली होती, त्याला कळत नव्हतं. आता त्याच्या आईला काय सांगायचं, ते मी मनात जुळवत होते. माझ्या पर्समध्ये फोन सारखा थरथरत होता. नवऱ्याच्या खिशातलाही. आमच्यापैकी कुणीही तो काढला नाही.

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्या मुलाने नवऱ्याला विचारलं, "डिड ही स्विंग?"

बॅटरने बॅट फिरवली का. फिरवली असेल तर चेंडू मातीत पडूनही तो स्ट्राइकआउट होता, आणि तो पहिला होता. नसेल तर नाही. ते सांगू शकेल असा गाडीत एकच माणूस होता, ज्याने त्या सीझनमध्ये एकही चेंडू चुकवला नव्हता.

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला. नवऱ्याने गाडी पुढे काढली, डावीकडे घेतली आणि थांबवली. तो वळला नाही. त्या मुलाशी तो एरवी कधी मराठीत बोलला नव्हता, पण तेव्हा बोलला.

"मी बॉल बघितलाच नाही रे," तो म्हणाला. "मी तुझा हात बघत होतो."

मुलाला अर्थातच कळलं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. मी ते त्याला इंग्रजीत सांगितलं, जसंच्या तसं.  मग त्याने कपाळ माझ्या खांद्यावर टेकवलं, आणि आमच्या घरी आल्यापासून पहिल्यांदा म्हणाला की खूप दुखतंय.